गाठीची फळी

स्तूपाची उलटी सावली मी कधी पाहिलेली नव्हती. आमच्या विहारातल्या ज्या लहानशा मंडपात ती दिसते, त्याच्या पायऱ्या बायकांनी चढायच्या नाहीत. आत बुद्धाच्या पावलाचा ठसा आहे. पायऱ्यांपाशी तशी पाटी आहे, आणि पाटी नव्हती तेव्हाही नियम होताच. लाम्पांगच्या शाळेत मी एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. दरवर्षी प्रकाशाचा धडा आला की याच सावलीचं गणित घालायचे. स्तूप तीस मीटर उंच, मंडपाच्या दारापासून साठ मीटर दूर; दाराच्या आत दीड मीटरवर कापड धरलं तर प्रतिमा किती उंच? उत्तर पाऊण मीटर. सिंगखाम नावाच्या मुलाने एका वर्षी उत्तराच्या जागी लिहिलं होतं, "वडील घेऊन जातील तेव्हा मोजून सांगतो." मी त्याला शून्य दिलं. आता तो पंचेचाळीस वर्षांचा आहे, घोडागाडी चालवतो, बाहेरगावच्या पाहुण्यांना देवळं आणि बाजार दाखवतो, आणि मी भेटले की त्या शून्याची आठवण करून देतो.

सावली दाखवायचं काम बत्तीस वर्षं इन्ता काकांकडे होतं. दुपारी ऊन पश्चिमेकडून स्तूपावर आलं की ते पाचसहा पुरुषांना आत घ्यायचे, दार लावायचे आणि एक पांढरं कापड दोन्ही हातांनी ताणून धरायचे. बायका खाली चिंचेच्या सावलीत थांबायच्या. आतून पुरुषांचा "अरे" असा आवाज यायचा. मग ते बाहेर येऊन आपापल्या बायकांना सांगायचे, आणि सांगताना त्यांचे हात नेहमी वरून खाली जायचे.

काका गेल्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी बुआलाय मावशी एकट्या. माझ्या आईची ही मैत्रीण. सगळं गाव मला 'बाई' म्हणतं, मावशी अजून 'सुनी' म्हणतात. विहाराच्या पश्चिमेच्या भिंतीपलीकडे त्यांचं घर आहे. अंगणात बांबूच्या तट्ट्यांवर भाताच्या चकत्यांचं वाळवण पसरलेलं असतं. कलिंगडाच्या रसात मुरवलेला चिकट भात, गोल थापलेला. तो तळून, वरून गुळाचा पाक सोडून त्या विहाराच्या दारात विकतात.

मंडपाचं दार वाळवीने खालून खाल्लं होतं. मावशींनी काकांच्या नावाने नवं दार द्यायचं ठरवलं. शेतं खंडाने दिल्यापासून अंगणातलं भाताचं कोठार रिकामंच होतं. सगळं सागवानी, काकांच्या आजोबांनी बांधलेलं. मावशींनी ते उतरवलं आणि एकेक फळी स्वतः पारखली. विहाराला द्यायचं लाकूड निर्दोष हवं, म्हणून गाठी असलेल्या तीन फळ्या त्यांनी बाजूला काढल्या. त्यांच्यावर आता वाळवणाच्या टोपल्या ठेवतात. उरलेल्या फळ्यांचं दार सुताराने असं केलं की दोन फळ्यांच्या मध्ये नखही जाऊ नये. आठ दिवस मावशी त्या दाराला तेल चोळत होत्या. भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या, वर्षावासाच्या, शेवटच्या आठवड्यात दार बसलं. विहाराचे प्रमुख भिक्खू, आमचे भन्ते, त्यांनी सूत्रं म्हटली, मावशींनी झारीतून पाण्याची धार धरली आणि ते पुण्य काकांकडे पोचवलं. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. मी मुद्दाम पाहिलं होतं.

दोन दिवसांनी सिंगखाम बँकॉकचं एक कुटुंब घेऊन आला; काकांनंतर कापड तोच धरायचा. पुरुष आत गेले, दार लागलं, आणि "अरे" आलंच नाही. मग दार उघडलं. मग पुन्हा लागलं. शेवटी बाहेर येऊन सिंगखाम म्हणाला की आज सावली नाही.

ती दुसऱ्या दिवशीही नव्हती, आणि तिसऱ्याही. आठवड्याभरात विहाराच्या दारापुढे नारळ विकणाऱ्या बाईने कारण शोधून काढलं. ती मावशींना काही म्हणाली नाही. मावशींना ऐकू जाईल इतक्या आवाजात शेजारणीला म्हणाली, की जिथे बाईने पाय ठेवायचा नाही, तिथल्या दाराला आठ दिवस बाईने हाताने तेल चोळलं, तर आतल्या बुद्धाच्या पावलाला ते कसं चालावं? शेजारीण म्हणाली, नसेल स्वीकारलं दान. एवढंच. पण हे वाक्य बाजारभर फिरून आलं.

मला कारण पहिल्याच दिवशी कळलं होतं. सिंगखामला मी बाजूला घेऊन विचारलं, दार लावल्यावर आत काय दिसतं.

"काही नाही, बाई. कोळशाच्या पोत्यात डोकं घातल्यासारखं."

"उजेडाचा एखादा ठिपका? दारात, कुठेही?"

"टिपूस नाही. काय दार बसवलंय."

भिक्खूंच्या स्वयंपाकघरामागे जुनं दार टेकून ठेवलं होतं. विहाराचं लाकूड कोणी घरी नेत नाही, जाळतही नाही. ते तिथेच पडून मातीत मिळतं. मी टेप घेऊन गेले. डावीकडून दुसऱ्या फळीत, तळापासून एकशे बारा सेंटिमीटरवर, एक गाठ गळून पडली होती. भोक वाटाण्याएवढं, साडेसहा मिलिमीटर, कडा आतून गुळगुळीत. मी डोळा लावून पाहिलं. पलीकडे केळीचं पान दिसलं.

हे मी कोणालाच सांगितलं नाही, आणि त्याला कारण होतं. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी इन्ता काकांना चिंचेखाली मातीत काडीने आकृती काढून दाखवली होती: इथे स्तूप, इथे भोक, वरचा किरण खाली जातो, खालचा वर. मी तेव्हा तरुण होते आणि समजावून सांगण्याचा मला फार उत्साह होता. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग आकृती पायाने हळूच पुसली आणि म्हणाले, "हे मला माहीत आहे, बाई. पण बुआलायला सांगू नका. तिला कधी बघायला मिळायची नाही. निदान जे ऐकते ते तरी मोठं असू दे." मी शब्द दिला होता.

तो शब्द मी आणखी दहा दिवस पाळला. मावशींनी विकायला बसणं सोडलं. वाळवण अंगणातच राहिलं, त्यावर चिमण्या बसू लागल्या. मग एका रविवारी त्यांनी सिंगखामची गाडी सांगितली आणि मला निरोप पाठवला की सोबत चल. नऊ विहारांत जाऊन क्षमा मागायची होती.

घोडीचं नाव चमेली. नाव असं असलं तरी ती चावते. सिंगखामने मावशींना उचलून वर बसवलं आणि पाहुण्यांना सांगतो त्याच सुरात सगळं सांगायला लागला. हा घड्याळाचा मनोरा, ही वांग नदी, हा पूल. मावशी म्हणाल्या, "मेल्या, या पुलावरून मी तुझ्या आईला बाळंतपणाला नेलंय." तो म्हणाला, "तरी सांगतो, आजी. गाडीत बसलेल्याला शहर दाखवायचंच, नाहीतर चमेली चालत नाही." मावशी जराशा हसल्या. दहा दिवसांत पहिल्यांदाच.

बर्मी सागवान व्यापाऱ्यांनी बांधलेले विहार झाले, नदीकाठचे झाले. प्रत्येक ठिकाणी त्या तीन उदबत्त्या लावायच्या, गुडघ्यांवर बसून तीनदा नमस्कार करायच्या आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणायच्या. मी मागे बसायचे. पाचव्या विहारात कोणी नव्हतं, पंखेही बंद होते, म्हणून मला ऐकू आलं.

"दान नको असेल तर राहू द्या. पण दोष माझ्या हाताचा आहे. तो माझ्याकडेच ठेवा. त्याच्याकडे जाऊ देऊ नका."

मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. समोर चमेली शेपटीने माश्या हाकत होती. मोठी सावली राहावी म्हणून काका गप्प राहिले, आणि आता त्याच गप्प राहण्यातून ही बाई नवऱ्याला तिच्या स्वतःच्या पापापासून वाचवत फिरत होती. काकांनी हे हिशेबात धरलं नव्हतं. मीही धरलं नव्हतं.

नववा विहार झाला तेव्हा नदीकाठचा बाजार भरत होता. जुन्या लाकडी दुकानांसमोर कोंबड्याचं चित्र काढलेले वाडगे मांडले होते, भाजलेल्या सॉसेजचा धूर रस्त्यावर आला होता. सिंगखामने रश्शातल्या शेवयांचे तीन वाडगे आणले. मावशींनी आपला वाडगा तसाच धरून ठेवला.

"उद्या सकाळी भन्तेंकडे जाते," त्या म्हणाल्या. "दार काढा म्हणते. जुनं लावा. वाळवीचं तर वाळवीचं."

सिंगखाम माझ्याकडे बघायला लागला. शेवया निवत होत्या. मी म्हटलं, "मावशी, उद्या सकाळी नको. संध्याकाळी जा. दुपारी मी तुमच्याकडे येते. मला तुमचं स्वयंपाकघर तासभर हवंय."

"कशाला?"

"दाखवते."

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता मी गेले. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे. भिंतीवरून स्तूपाचा वरचा निम्मा भाग दिसतो, मध्ये अंतर साधारण एकशे वीस मीटर. मी खिडकीला चकत्यांच्या खोक्याचा जाड पुठ्ठा लावला, फटी जुन्या कपड्यांनी बुजवल्या, दाराखाली पोतं सारलं. मावशी चुलीपाशी स्टुलावर बसून हे सगळं पाहत होत्या. त्यांनी विचारलं की डास फार झालेत का. मी म्हटलं, नाही. काकांचं कापड द्याल?

ते त्यांनी पेटीतून काढून दिलं. इस्त्री करून ठेवलं होतं. त्याच्या घडीत काकांच्या खिशातल्या वस्तू होत्या: कंगवा, विहाराच्या किल्लीचा गोफ, आणि बोटभर लांबीची बांबूची तासलेली काडी. "दात कोरायची," मावशी म्हणाल्या. "रोज धुवायच्या सदऱ्यात सापडायची. शेवटी दातच नव्हते, तरी असायची."

मी काडी हातात घेतली. तिची जाडी पाहिली आणि तेव्हा मला कळलं ती कशाची होती. पण आधीचं आधी. मी खिळ्याने पुठ्ठ्याला काडीच्या जाडीचं भोक पाडलं आणि त्याच्यासमोर कापड धरलं.

सुरुवातीला काही दिसत नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटं लागतात, आणि हे मला माहीत असूनही मी भोक पुन्हा एकदा तपासलं. मग कापडावर खालच्या बाजूला निळं आलं. त्यात वरून खाली उतरलेलं काहीतरी पिवळं. मी कापड थोडं मागे घेतलं आणि कडा दिसू लागल्या: स्तूपाचा घुमट, कडी, त्याखाली कडी, आणि सगळ्यात खाली, निळ्यात बुडवलेलं टोक. टोकाजवळून एक कबूतर पोट वर करून उडत गेलं.

मी आकृत्या शेकड्याने काढल्या होत्या. आकृतीत रंग नसतो, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मावशी उठून जवळ आल्या. कापडाला हात लावायला गेल्या आणि स्तूप त्यांच्या बोटांवर आला तसा त्यांनी हात मागे घेतला.

"तो सांगायचा टोक खाली असतं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं थट्टा करतोय."

मग मी सांगितलं. जुन्या दारातली गाठ, ते भोक, नवं दार. हळूहळू सांगितलं, आकृती न काढता. दान कोणी नाकारलेलं नाही. दार फार चांगलं बसलं आहे, इतकंच. काकांना दिलेला शब्दही सांगितला, कारण तो लपवून बाकीचं सांगता आलं नसतं.

त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्या हातातली बांबूची काडी घेतली, पुठ्ठ्यापाशी नेली आणि भोकात घालून पाहिली. ती अगदी बरोबर बसली. स्तूप गेला. काडी काढली, स्तूप आला.

"रोज सकाळी दारापाशी उभा राहून काहीतरी करायचा," त्या म्हणाल्या. "मी विचारलं तर म्हणायचा, कोळ्याचं जाळं काढतोय. बत्तीस वर्षं एकाच कोळ्याचं." आणि त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता बाहीने डोळे पुसायला लागल्या, आणि मी कापड धरून तशीच उभी राहिले कारण ते ठेवायला जागा नव्हती.

नंतर त्यांनी विचारलं, "म्हणजे हे कुठल्याही स्वयंपाकघरात दिसतं?"

मी थोडा विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. "ज्याच्यासमोर स्तूप आहे, त्याच स्वयंपाकघरात दिसतं."

त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना पुरलं.

दाराला भोक पाडायला मात्र त्या तयार नव्हत्या. दिलेल्या वस्तूला छिद्र पाडायचं नाही, मग कारण काहीही असो. मी म्हटलं, मग काय करायचं? त्या अंगणात गेल्या आणि टोपल्या उचलून ठेवायला लागल्या. खालच्या तीन फळ्या उन्हाने करड्या झाल्या होत्या. त्यांनी दुसऱ्या फळीवरची एक काळी, सुकलेली गाठ अंगठ्याने दाबली. हलली. खलबत्त्यातला बत्ता आणून त्यांनी दोनदा ठोकला, आणि गाठ पलीकडे मातीत पडली.

"ही आधीपासूनच अशी आहे," मावशी म्हणाल्या. "हिला कोणी छिद्र पाडलेलं नाही."

संध्याकाळी आम्ही भन्तेंकडे गेलो. भन्ते पंच्याहत्तरीचे आहेत आणि कमी बोलतात. मावशींनी त्यांना सांगितलं की कोठारातल्या तीन फळ्या गाठी म्हणून मागे ठेवल्या होत्या, ते चुकलं. सगळं कोठार द्यायचं मनात होतं आणि चांगलं तेवढंच दिलं. दारातली एक फळी काढून तिथे ही बसवू द्या. यात खोटं काही नव्हतं. भन्तेंनी फळी पाहिली, भोक पाहिलं, त्यातून एकदा माझ्याकडे पाहिलं.

"बाई, किती उंचीवर?"

"एकशे बारा सेंटिमीटर," मी म्हटलं. उंची तीच असायला हवी असं नाही, पण कापड धरणाऱ्याच्या हातांना सवय असते.

"मी पोरवयात श्रामणेर होतो तेव्हा उंदरांनी त्यात कापूस कोंबला होता," भन्ते म्हणाले. "सावली तीन दिवस गेली होती." एवढं बोलून ते चहा घ्यायला आत गेले.

गुरुवारी सुताराने फळी बदलली. तेलाने काळसर झालेल्या दारात ती करडी फळी ठिगळासारखी दिसते. मावशींनी तिला तेल लावलं नाही. कोणाच्या बोलण्याला भिऊन का, असं मी विचारलं. नाही म्हणाल्या, तिला नवं दिसायचं काही कारण नाही. पुन्हा पाण्याची धार धरली, या वेळी भन्ते आणि आम्ही दोघीच होतो. नारळवाली लांबून बघत होती.

साडेतीनला सिंगखाम कापड टांगायला दोरी घेऊन एकटा आत गेला. आम्ही दोघी चिंचेखाली उभ्या राहिलो. दार लागलं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मावशींनी माझं मनगट धरलं होतं. मग आतून, अगदी हळू, "अरे" असं आलं.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात चमेलीचा जास्तीचा लगाम होता आणि त्यात दोन गाठी मारलेल्या होत्या.

"मोजली," तो म्हणाला. "टोकापासून पायापर्यंत. टेप काढा, बाई."

मी टेप लावला. चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. कापड त्याने जरा जवळ टांगलं असणार. मी त्याला म्हटलं, उत्तर बरोबर आहे, पण तीस वर्षं उशिरा आलंय, म्हणून निम्मेच गुण.

"निम्मे तर निम्मे. घरी सांगतो."

मावशींनी त्याच्याकडून लगाम घेतला आणि दोन गाठींच्या मधलं अंतर दोन्ही हातांत ताणून धरलं, काका कापड धरायचे तसं. थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग कमरेची पुरचुंडी सोडून बांबूची काडी काढली आणि सिंगखामच्या सदऱ्याच्या खिशात घातली.

"रोज सकाळी," त्या म्हणाल्या. "हळू फिरवायची. कोणी विचारलं तर कोळ्याचं जाळं म्हणायचं."

"आणि सदरा धुवायला टाकताना?"

"बायको काढून ठेवेल. तिला काही सांगू नकोस." मग त्या थांबल्या. "नाही. तिला सांग. तिला माझ्याकडे घेऊन ये, मी दाखवते."

स्वयंपाकघराच्या खिडकीचा पुठ्ठा त्यांनी अजून काढलेला नाही. दुपारी अडीच ते चार त्या अंधारात तळतात, आणि त्या वेळच्या चकत्या कडेने जरा जास्त लाल होतात. मी त्याच घेते.